मशीनला बांधलेलं लायसन्स

कारखान्यात त्यांना सूतमामा म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मामांनी बत्तीस वर्षं सुतारकाम केलं. चौकटीत दार बसवताना कुठे सूतभर फट दिसली, तर ते दार उतरून पुन्हा रंध्याखाली जायचं. हाताखालची माणसं कुरकुरत. मामा म्हणत, "कुरकुर आत्ता करा. दाराने नंतर करायला नको." निवृत्त होऊन चार वर्षं झाली, माणसं पांगली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता असा माणूस कॉम्प्युटर बनवायला बसला तर कसा बसेल? पेन्सिल कानाला लावून बसला. समोर वही, बाजूला टेप, नाकावर चष्मा, आणि तोंडात आयुष्यात कधी न उच्चारलेले शब्द: मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड. परीक्षेच्या आधी पोरं घोकतात तसे मामा ते शब्द घोकायचे.

कारण साधं होतं. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात उरली दोन माणसं, मामा आणि त्यांची एकुलती एक लेक. लेक एका ऑफिसात कपाटांची ड्रॉइंग काढायची. सकाळी सातला बाहेर पडायची, दिवे लागल्यावर यायची, जेवताना डुलक्या द्यायची. मामा दिवसभर घरात. भिंतींशी किती बोलणार? भिंतीही शेवटी ऐकून ऐकून कंटाळतात.

एकदा जेवताना ती सहज बोलून गेली, "साहेब म्हणत होते, घरी चांगलं मशीन असेल आणि प्रोग्रामचं रीतसर लायसन्स असेल, तर आठवड्यातले चार दिवस घरून काम केलं तरी चालेल."

लेक विसरली. मामा विसरले नाहीत. चार दिवस! आठवड्यातले चार दिवस घरात माणसाचा वावर, दुपारी दोन कप चहा, "बाबा, जरा इकडे या" अशी हाक. देवाने दार लावलं तरी खिडकी उघडी ठेवली, असं त्यांना वाटलं. ज्याने जन्मभर खिडक्या बसवल्या त्याला ती ओळखू येणारच.

दुसऱ्या दिवशी ते सुट्या भागांच्या दुकानात हजर. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, कारण बंद पडलेली मशीनं तो उठवून बसवायचा. माणूस चाळिशीचा, तोंडाने फटकळ, मनाने लोणी.

तीन महिन्यांत मामांच्या तिथे इतक्या खेपा झाल्या, की डॉक्टर म्हणाला, "मामा, तुमच्या नावाची खुर्चीच टाकतो आता दुकानात."

"टाक. पण लाकडाची टाक. ही प्लास्टिकची डुगडुगते."

"आज काय घ्यायचं?"

"घ्यायचं काही नाही. हा प्रोसेसरचा कूलर त्या कॅबिनेटमध्ये बसतो का, ते बघायचंय." मामांनी खिशातून टेप काढली.

"अहो, खोक्यावर उंची लिहिलीये की!"

"लिहिणारा आला होता का मोजायला?"

डॉक्टरने कपाळाला हात लावला. मामांनी कूलर मोजला, कॅबिनेट आतून मोजलं, वहीत दोन आकडे मांडले. "बसतोय."

"मी काय सांगत होतो मग?"

"तू सांगत होतास. आता टेप सांगतेय."

पण शिकवलेलं मामा नीट ऐकत. लेकीच्या प्रोग्रामला खूप गाभ्यांचा, म्हणजे कोअरचा, प्रोसेसर लागत नाही, थोडे पण वेगवान गाभे लागतात, हे डॉक्टरने सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. "बरोबर. एक खिळा ठोकायला आठ माणसं उभी करून काय उपयोग? एक चांगला हात लागतो." ग्राफिक कार्ड खेळांसाठीचं नको, ड्रॉइंगसाठीचं हवं, हेही पटलं. पंख्यांवर मात्र ते अडून बसले. चार पंखे एकामागून एक लावून बघितले, प्रत्येकाला कान देऊन.

"हा आवाज करतो."

"मामा, हा आवाज मुंगीलासुद्धा ऐकू जायचा नाही."

"तिचं डोकं लवकर दुखतं. आईवर गेलीये."

डॉक्टर उठून आत गेला. आतून सगळ्यात शांत पंखा काढून आणला.

घरी आल्यावर मामा वही लेकीपुढे ठेवत. सुरुवातीला ती हौसेने बघायची. हे बदला, ते ठेवा, सांगायची. मग मध्येच कुठेतरी तिचं लक्ष उडालं. "तुम्हीच ठरवा, बाबा," म्हणायला लागली. फोन आला की गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची. एकदा म्हणाली, "एवढी रॅम कशाला? निम्म्यात भागेल."

मामांना वाटलं, लेक काटकसरी. "अगं, बिजागरी लावताना दाराचं आजचं वजन बघायचं नसतं. पावसाने फुगलेल्या दाराचं बघायचं असतं. उद्या तुझं काम वाढलं तर?"

ती हसली. ते हसू कसं होतं, हे मामांच्या लक्षात आलं नाही. आनंदात असलेला माणूस समोरच्याचं हसू नीट मोजत नाही.

आणि मामा आनंदात होते, हे खरंच. बायको गेल्यापासून ते पानावर बसायचे आणि उठायचे, एवढंच. आता दुसरी पोळी मागून घ्यायला लागले. बायको शेवटचे सात महिने ज्या पलंगावर होती, तो दीड वर्ष तसाच उभा होता, त्याला हात लावायची दोघांचीही छाती होत नव्हती. एका सकाळी मामांनी तो सोडवला. त्याच्या फळ्या रंधून त्यांनी खिडकीशी टेबल केलं. उंची लेकीला बसवून, कोपर मोजून घेतलेली. रंधा मारताना ते शीळ घालत होते. लेक दारात उभी राहून बघत होती. मामांनी मान वर केली तेव्हा ती आत निघून गेली.

शेवटी राहिला लायसन्सचा प्रश्न.

"ते सोडा हो," डॉक्टर आवाज बारीक करून म्हणाला. "मी टाकून देतो प्रोग्राम. फुकट. सगळे तसंच वापरतात."

"चोरलेला?"

"चोरलेला काय... मोकळा केलेला."

"बत्तीस वर्षांत कारखान्यातला एक स्क्रू माझ्या खिशातून घरी आला नाही. आणि आता लेकीच्या टेबलावर चोरीचा माल ठेवू? उद्या त्या वरच्यासमोर उभं राहायचंय मला. तिथे काय सांगू, डॉक्टरने टाकून दिला म्हणून?"

"माझं नाव नका सांगू म्हणजे झालं," डॉक्टर हसला आणि त्याने दोन पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. "मग ऐका. रीतसर घ्यायचं तर दोन तऱ्हा. हे पहिलं माणसाच्या नावाचं. ताई जिथे जातील, ज्या मशीनवर बसतील, तिथे आपलं नाव घालून उघडायचं. पण दरवर्षी नवं करावं लागतं. आणि हे दुसरं मशीनला बांधलेलं. एकदा घेतलं की कायमचं. यावरची चांदीची पट्टी खरवडायची, खालचा नंबर टाकायचा, की ते त्या मदरबोर्डला चिकटलं. मग ते हलत नाही. दुसरीकडे नेता येत नाही, परतही करता येत नाही."

मामांनी दुसरं पाकीट उचललं. "हे."

"मामा, मी म्हणेन पहिलं घ्या. ताई तरुण आहेत. उद्या नोकरी बदलली, गाव बदललं—"

"कुठे जातेय ती?"

"जातायत असं नाही म्हणत मी. माणसाचं काय सांगता येतं?"

"घर इथे, बाप इथे. जाणार कुठे?" मामा म्हणाले. आवाज जरा चढला होता, हे त्यांनाही कळलं. एरवी प्रत्येक भाग दोनदा मोजणाऱ्या माणसाने हे पाकीट एकदाही उलटसुलट न बघता खिशात घातलं. डॉक्टरने ते पाहिलं. गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हे पुष्कळदा दुकानदाराला आधी कळतं. पण सांगायचं कसं?

मग तो रविवार आला.

सकाळपासून मामांनी टेबलावर चादर अंथरली होती. एकेक भाग खोक्यातून काढून, नव्या बाळाला धरावा तसा धरून ठेवला. लेक स्क्रू हातात देत होती. प्रोसेसर खाचेत बसला तेव्हा मामांनी श्वास रोखून धरला. रॅमची पट्टी खट्टकन बसली तेव्हा सोडला. सगळं जोडून झालं, बटण दाबलं, आत बारीक दिवा लागला. पडदा मात्र काळाच.

मामा खाली वाकले, वर आले, पुन्हा वाकले. "कुठे चुकलं? सगळं तर मोजून..."

लेकीने मागे हात घातला. पडद्याची वायर बोर्डाच्या खाचेत होती, ती काढून कार्डाच्या खाचेत लावली. पडदा उजळला.

"आता बघा," ती म्हणाली.

"तू आधीच बघितलं होतंस?"

"हो. तुम्हाला सापडतं का ते बघत होते."

"अशी होय! बापाची परीक्षा घेतेस?" मामा खळखळून हसले. त्या खोलीत तसं हसू दीड वर्षात झालं नव्हतं. लेकही हसली आणि हसता हसता तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

सिस्टीम घालून झाली, तिचं लायसन्स लागलं, ड्रॉइंगचा प्रोग्रामही उतरला. पडद्यावर एक रिकामा चौकोन आला: इथे नंबर टाका. मामांनी खिशातून पाकीट काढलं, एक नाणं काढलं, चष्मा सारखा केला आणि चांदीच्या पट्टीवर नाणं टेकवलं.

"बाबा, थांबा."

लेकीने त्यांचं मनगट धरलं होतं. घट्ट.

"अगं, हाताने नाही निघायची ती, नाण्यानेच—"

"खरवडू नका. मग परत नाही घेणार ते."

"परत कशाला द्यायचंय?"

ती मनगट सोडेना. मामांनी तिच्याकडे पाहिलं. हाच चेहरा त्यांनी एकदा पाहिला होता. दवाखान्याच्या बाकावर. मोठे डॉक्टर बाहेर येऊन तिच्याशी बोलले होते आणि ती बापाकडे चालत आली होती, तेव्हाचा.

"मला दुसरीकडे नोकरी मिळालीये," लेक म्हणाली. "लांब आहे, बाबा. रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. पत्र येऊन दोन महिने झाले. मी दोनदा मुदत वाढवून मागितली. आता नाही वाढवत म्हणतात. आज पाच वाजेपर्यंत कळवायचंय."

मामांच्या हातातून नाणं टेबलावर निसटलं. ते गोल गोल फिरून आडवं पडेपर्यंत दोघंही नाण्याकडेच बघत राहिली.

"दोन महिने," मामा म्हणाले. "मी टेबल रंधत होतो तेव्हा?"

"हो."

"त्या पंख्यासाठी चार चकरा मारल्या तेव्हा?"

"हो, बाबा."

"आणि तू बघत बसलीस? म्हातारा नाचतोय, नाचू दे?"

"असं नका ना बोलू." तिचा आवाज फुटला. "रोज ठरवायचे आज सांगते. आणि तुम्ही वही घेऊन यायचात. तुम्ही शीळ घालायला लागलात, बाबा. जेवायला लागलात. मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? मला वाटायचं, अजून एक दिवस. हे मशीन उभं राहीपर्यंत तरी."

मामा उठून खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं. बसत होती, निसटत होती.

"तिकडे मशीन देतात?"

"हो."

"लायसन्ससकट?"

"सगळं देतात."

म्हणजे हे मशीन बरोबर न्यायलाही कुणाला नको होतं.

"बाबा, इकडे बघा," लेक मागून म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. मनापासून सांगते. इथेच बसेन, याच टेबलावर. पुन्हा कधी विषय काढणार नाही."

देवाच्या मनात माणसाची परीक्षा घ्यायची असली की तो कठीण प्रश्न घालत नाही, फार सोपा घालतो. मामांना करायचं काहीच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. पाच वाजून गेले असते, चौकोनात नंबर भरला असता, दुपारचा दुसरा कप भरला असता. लेक शब्दाची पक्की. तिने जन्मभर उणा शब्द काढला नसता.

आणि मामा गप्प बसले होते. चांगली पाच मिनिटं बसले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग त्यांनीच विचारलं, "काम कसलं आहे तिकडे? कपाटंच?"

"नाही. दवाखाने." ती थांबली. "दवाखान्यांच्या इमारती काढतात ते. मला आतल्या वाटांचं काम देणार आहेत. कॉरिडॉर, दारं, वळणं."

मामांनी मान वळवली.

बायकोला शेवटच्या दिवशी दवाखान्यात खालच्या मजल्यावर नेत होते. जुनी इमारत. कॉरिडॉरच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. मागे घेतलं, पुढे घेतलं, वळेना. मग चौघांनी तिला स्ट्रेचरसकट तिरकं उचललं. तिचा हात खाली लोंबला आणि भिंतीवर घासत गेला. ती शुद्धीत होती. "अहो," एवढंच म्हणाली. जन्मभर दारं बसवणारा माणूस बाजूला उभा होता आणि त्याला काहीही करता आलं नव्हतं. या गोष्टीबद्दल बापलेक कधी एक अक्षर बोलले नव्हते.

"पाच सूत," लेक म्हणाली.

"काय?"

"त्या वळणावर पाच सूत कमी पडलं, बाबा. भिंतीला नंतर कुणीतरी लाकडी पट्टी मारलीये, तिची जाडी तेवढीच. आई गेल्यावर महिन्याने मी टेप घेऊन गेले होते. वॉचमनने हटकलं, तर म्हटलं, फर्निचरचं माप घ्यायला आलेय."

"तू मोजलंस?"

"दोनदा मोजलं. तुमची टेप नेली होती."

मामांनी खिडकीची चौकट धरली. पाच सूत. बोटाच्या रुंदीइतकंही नाही. कुणीतरी एक पट्टी ठोकली होती आणि घरी जाऊन जेवला होता. आणि ही पोर, कपाटं काढता काढता, दीड वर्ष हे मनात घेऊन हिंडत होती. एकाच घरात, एकाच ताटाशी बसून. आपल्याला वाटत होतं दुःख आपल्या एकट्याच्या वाट्याला आलंय.

ते परत टेबलाशी आले. पाकीट उचललं, पट्टीवरून अंगठा फिरवून पाहिला. कुठे ओरखडा नव्हता. "डॉक्टर घेईल परत," म्हणाले आणि ते खिशात टाकलं. मग खुर्ची ओढली. "बस."

"बाबा?"

"बस आणि लिही. येते म्हणून कळव त्यांना."

"फोनवरून कळवते ना मी, आत जाऊन..."

"याच्यावर लिही." मामांनी कॅबिनेटवर हात ठेवला. "एवढं जोडलंय, बघू तरी चालतं का."

ती बसली. कोपरं टेबलावर बरोबर टेकली. तिने चार ओळी लिहिल्या, दोन पुसल्या, पुन्हा लिहिल्या. मामा मागे उभे राहून चष्म्यातून वाचत होते.

"हे काय लिहिलंयस? 'काही घरगुती अडचणींमुळे उत्तरास विलंब झाला.'"

"मग काय लिहू?"

"घरगुती अडचण म्हणजे मीच ना?"

लेकीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "अडचण नाही हो तुम्ही."

"मग काढ ते. लिही, वडिलांना विचारायचं राहिलं होतं. आज विचारलं."

तिने तसंच लिहिलं. सगळं पुन्हा वाचलं. "पाठवू?"

मामांना हो म्हणायचं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात जरासा दाबला. एवढंच. तिने बटण दाबलं. पत्र गेलं. मशीन इतकं वेगवान होतं की डोळ्यांचं पातं लवायच्या आत गेलं. जरा रेंगाळायला काय हरकत होती त्याला?

"कधी जायचं?"

"अकरा दिवसांनी."

"बरं."

"तुम्ही येता माझ्याबरोबर? नंतर, घर मिळालं की?"

"बघू. तू आधी रुळ तिकडे." हे "बघू" काय असतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

तोंड धुऊन येते म्हणून लेक उठली. बाथरूमची कडी लागली आणि नळ सुटला. तोंड धुवायला किती पाणी लागतं? एक ओंजळ, दोन ओंजळी. नळ वाहतच राहिला. घरात थेंब वाया गेलेला मामांना खपत नसे. बायकोसुद्धा त्यावरून बोलणी खायची. पण आज त्यांनी हाक मारली नाही. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, आणि जोवर ते पाणी पडत होतं, तोवर त्यांचाही आवाज कुणाला ऐकू जाणार नव्हता.